शेवटच्या अकरा दिवसांच्या विश्वासानं तारण होतं का?

वेचणीवालीची_लेक (दारव्हा तालुका):
बाबा मार्चमध्ये गेले. आयुष्यभर दारू. दोन एकर विकले, मायची जोडवीसुद्धा गहाण टाकली. शेवटचे अकरा दिवस खाटेवर होते, चर्चचे पाळक रोज येऊन प्रार्थना करत. एका दुपारी बाबांनी हात जोडले. "प्रभू, माह्यापाशी द्याले काईच नाही, तू मले घे." एवढंच. बाप्तिस्मा नाही, प्रभुभोजन नाही. पाळक म्हणाले, तारण झालं, म्हणजे पापांची माफी मिळाली, देवानं त्यांना स्वीकारलं. भाऊ भडकला, "2008 च्या कर्जमाफीत नियमित फेडणारा येडा ठरला, तसंच ना? माय तीस वर्षं राबली, अन् यांचं खातं अकरा दिवसांत कोरं?" मला उत्तर देता आलं नाही.

सात_एकर_वणी:
ताई, बायबलमधलं इफिसकरांस पत्र 2:8-9 वाचा. तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे. ते देवाचं दान, कर्मांचं फळ नाही. येशूच्या शेजारी वधस्तंभावर मरता मरता विश्वास ठेवणाऱ्या चोराचा तरी कुठं बाप्तिस्मा झाला होता? "आज" सुखलोकात असशील, असं प्रभू त्याला म्हणाला. भावाला सांगा, त्या कर्जमाफीला दोन हेक्टरांची अट होती. आमचं शेत सात एकर, पूर्ण माफी मिळाली नाही. इथं अट नाही. अन् हे कर्ज बुडवलंही नाही, ख्रिस्तानं स्वतःच्या रक्तानं फेडलं.

अमरावतीकर_कॅथलिक:
आमच्याकडं बाप्तिस्म्याला फार मोल आहे. तरी 1999 च्या संयुक्त घोषणापत्रात कॅथलिक आणि लुथरन (एक प्रोटेस्टंट पंथ) दोघांनी मान्य केलं, की देव आपल्याला कृपेनं स्वीकारतो, आपल्या पुण्याईनं नाही. पण याकोब 2:17 सोडू नका, कृतीवाचून विश्वास निर्जीव. त्या प्रार्थनेनंतर बाबा कसे वागले?

वेचणीवालीची_लेक:
दुसऱ्या दिवशी मायला जवळ बोलावलं. उशीच्या खोळीतून सावकाराची चिठ्ठी काढली, घड्यांवर फाटलेली. "तुही जोडवी सोडवून आण," म्हणाले अन् रडले. पैसे नव्हतेच. चिठ्ठी मात्र इतकी वर्षं जपून ठेवली होती.

काल मायला मत्तय 20 वाचून दाखवलं. दिवस मावळताना आलेल्या मजुरालाही मळ्याच्या धन्यानं पूर्ण मजुरी दिली, ते. माय म्हणाली, "आपली वेचणी किलोवर. काटा लागला का कमी भरलेलीचं तोंड उतरे. मी माह्या गाठोड्यातला दोन मुठी कापूस तिच्यात टाको. मले एवढं सुचे, देवाले नाही सुचणार?"

भाऊ रविवारी येतोय. हे सगळं त्याला वाचून दाखवते.