किडनी बदललेल्या मुलांनी मैदानावर उतरावं का?

मेघमल्हार (धागाकर्ता)

माझी मुलगी सोळा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिचं ट्रान्सप्लांट झालं, किडनी तिच्या आईची. आजाराआधी ती शाळेच्या खो-खो संघात होती. ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी शाळा सुरू झाली, तेव्हा पीटीच्या पहिल्याच तासाला सरांनी तिला सावलीत बसवलं आणि हातात गुण मांडायची वही दिली. काळजीपोटीच दिली, त्यांना दोष देत नाही. पण पुढचं दीड वर्ष ती वही तिच्याच हातात राहिली.

गेल्या थंडीत तिला घेऊन मुंबईला गेलो, ट्रान्सप्लांट झालेल्यांच्या क्रीडा स्पर्धा पाहायला. ही कल्पना आजची नाही. मॉरिस स्लापाक या सर्जननी १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या पोर्ट्समथला पहिली जागतिक स्पर्धा भरवली. अलीकडे २०२३ मध्ये पर्थला आणि २०२५ मध्ये ड्रेस्डेनला झाली. मुंबईत नर्मदा किडनी फाउंडेशनसारखी संस्था आपल्याकडच्या रुग्णांसाठी स्पर्धा घेत आली आहे. मला वाटलं होतं, लेक चार शर्यती बघेल आणि थोडी खुलेल.

झालं वेगळंच. सकाळी नऊच्या ठोक्याला मैदानावर एकदम पंधरा-वीस मोबाईल वाजले. कुणी दचकलं नाही. सगळ्यांनी आपापल्या पिशव्या उघडल्या, पाकिटं फाडली, गोळ्या तोंडात टाकल्या आणि पुन्हा गप्पा सुरू. माझ्या लेकीशेजारी तिच्याच वयाची एक मुलगी बसली होती, गाल स्टिरॉइडनं तसेच सुजलेले. तिनं विचारलं, "तुझी उजवीकडे की डावीकडे?" लेकीनं उजव्या ओटीपोटावर हात ठेवला. "आईची?" "हो." "माझी कॅडेव्हर." म्हणजे मृत दात्याची. आणि दोघी पाणी भरायला निघून गेल्या.

वर्गातल्या एकाही मैत्रिणीला तिनं तोवर तो व्रण दाखवला नव्हता, त्याबद्दल बोललीसुद्धा नव्हती. परतीच्या वाटेवर वाशीपासून लोणावळ्यापर्यंत ती अखंड बोलत होती.

मला मनापासून वाटतं की मैदान आणि तिथे भेटणारी आपल्यासारखी पोरं हा उपचाराचाच भाग धरला पाहिजे. टॅक लेव्हलची (रक्तातलं टॅक्रोलिमस या औषधाचं प्रमाण तपासायची) तारीख ठरते तशी हीसुद्धा डिस्चार्जच्या वेळीच ठरावी. तुमचं काय म्हणणं?

गोदाकाठ

मी विरोधात लिहिते आहे, राग मानू नका.

माझा मुलगा चौदाचा. ऑपरेशनला आठ महिने झाले. किडनी माझी. मूळच्या किडन्या पाठीशी, बरगड्यांच्या आडोशाला असतात. ही नवी पुढे, ओटीपोटात बसवलेली. वरून दाबलं तर हाताला लागते. तो झोपला की मी रोज तिथे अलगद तळवा ठेवून बघते. त्या जागी सीझनचा चेंडू बसला तर?

आणि भीती चेंडूचीच नाही. औषधांनी याची प्रतिकारशक्ती मुद्दाम खाली ठेवलेली आहे. आमच्याकडे पावसाळ्यात मैदानं म्हणजे नुसता चिखल, त्यात उंदीर. लेप्टोची भीती धडधाकट माणसाला असते, मग याला किती असेल? तिसऱ्या महिन्यात साध्या तापासाठी आम्ही अकरा दिवस दवाखान्यात काढले.

न्यूझीलंडचा जोना लोमू, रग्बीतला एवढा मोठा खेळाडू. २००४ मध्ये किडनी मिळाली, पुन्हा मैदानावर गेला. २०११ मध्ये ती बंद पडली आणि २०१५ मध्ये चाळिसाव्या वर्षी माणूस गेला. हे उदाहरण कुणी सांगत नाही.

मुलांना एकमेकांची सोबत हवी हे शंभर टक्के मान्य. पण ती फोनवर मिळते, व्हिडिओवर मिळते. ही किडनी गेली तर याला द्यायला माझ्याकडे दुसरी नाही.

समन्वयक_सातारा

मी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर म्हणून काम करते. गोदाकाठ ताई, आठव्या महिन्यात तुम्ही घालताय ती बंधनं बरोबरच आहेत. जागतिक स्पर्धेतसुद्धा ट्रान्सप्लांटला निदान एक वर्ष झालेलं असावं आणि किडनी स्थिर असावी, तेव्हाच प्रवेश मिळतो. त्यामुळे मेघमल्हार, "सहा महिन्यांनी वही दिली" या वाक्यात मी थोडी सरांच्या बाजूची आहे. चूक पुढच्या दीड वर्षाची.

लोमूबद्दल. बदललेली किडनी जन्मभराची नसते. जी मुलं घराबाहेर पडत नाहीत त्यांचीही नसते. त्याची सात वर्षं चालली एवढ्यावरून मैदानाला दोषी धरता येत नाही. क्रोएशियाचा इव्हान क्लास्निच घ्या. २००७ च्या सुरुवातीला आईची किडनी शरीरानं नाकारली, मग वडिलांची बसवली, आणि २००८ च्या युरो स्पर्धेत त्यानं दोन गोल केले. पोटावर संरक्षक कवच बांधून खेळायचा. त्यालाही पुढे पुन्हा डायलिसिस आणि पुन्हा ट्रान्सप्लांट लागलं, हेही सांगते, लपवत नाही.

पण ही दोन्ही नावं व्यावसायिक खेळाडूंची. आपल्या मुलांना कुणी रग्बीत उतरवत नाहीये. बॅडमिंटन, टेबल टेनिस, पोहणं, पळणं, सायकल यांत ओटीपोटावर थेट मार बसण्याची शक्यता खूप कमी. सायकलवरून पडताना हँडल मात्र लागू शकतं, तेवढं सांभाळायचं. कुस्ती, कबड्डी, बॉक्सिंग नको, हे मीही सांगते. किडनीच्या आजारासंबंधीच्या २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत तर मोठ्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं आणि मुलांसाठी रोज तासभर हालचाल सांगितली आहे, ज्याच्या-त्याच्या सोसण्याप्रमाणे. नुसतं बसून राहिल्यानं स्टिरॉइडवरच्या मुलांचं वजन, साखर, हाडं सगळंच बिघडत जातं.

आता माझ्या मनातली खरी भीती सांगते. सतरा ते चोवीस या वयात बदललेली किडनी गमावण्याचं प्रमाण सगळ्यांत जास्त असतं, हे जगभर दिसलं आहे. चेंडू लागून नव्हे. मूल लहान मुलांच्या ओपीडीतून मोठ्यांच्या ओपीडीत जातं, आईचा हात सुटतो आणि गोळ्या चुकायला लागतात.

पहिली_शिफ्ट

वय चोवीस, हडपसर. तीन वर्षं डायलिसिसवर, सोम-बुध-शुक्र, सकाळी सहाची शिफ्ट. पुण्याच्या झेडटीसीसीच्या, म्हणजे मृत दात्यांचे अवयव वाटून देणाऱ्या केंद्राच्या, यादीत नाव आहे. घरातल्या कुणाची किडनी जुळत नाही.

मला या धाग्यात एक गोष्ट खटकली. सगळे जण ज्यांना किडनी मिळाली त्यांच्याबद्दलच बोलताहेत. स्पर्धा त्यांच्या, पदकं त्यांची, फोटो त्यांचे. ठीक आहे, दात्याच्या घरच्यांना ते फोटो दिसले पाहिजेत, त्यातून अवयवदान वाढतं, कळतं मला. पण मशीनवर असलेला पोरगा तो फोटो बघतो तेव्हा त्याला काय वाटतं, हे कुणी विचारत नाही. चार तास मशीनवर काढून उठलं की अंगात जीव नसतो. हाताला फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिन्या), त्या हातानं वजन उचलायचं नाही. आमच्यासाठी कुठलं मैदान?

दुसरं म्हणजे ही "आपल्यासारख्यांची सोबत". आमच्या सेंटरवर ती आपोआप होते. माझ्या शेजारच्या बेडवर बारामतीचा एक मुलगा असायचा, माझ्याहून एक वर्षानं लहान. दीड वर्ष आम्ही दोघांनी एकाच मोबाईलवर क्रिकेट पाहिलं, एक इअरफोन त्याच्या कानात, एक माझ्या. एका बुधवारी गेलो तर त्या बेडवर दुसरे एक काका होते. चादर नवी होती. सिस्टर काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. त्यानंतर शेजारी कोण आहे हे मी सहा महिने पाहिलं नाही. डोळे मिटून पडून राहायचो.

दोस्ती करा म्हणणं सोपं आहे. आमच्यात ज्याच्याशी दोस्ती होते तो जाऊ शकतो. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरानं ते कसं सोसायचं, याची तयारी कोण करून घेणार?

रोखठोक_नागपूर

मैदानापेक्षा मेडिकलच्या दुकानाची चर्चा करा. महात्मा फुले योजनेत किडनी ट्रान्सप्लांटची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेली, चांगलं झालं. पण रोजच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. माझ्या भाच्यासाठी बहीण दर महिन्याला कुणाकडे तरी हात पसरते. पर्थ आणि ड्रेस्डेनला कोण जातं? ज्यांच्या घरी पैसा आहे ते. गडचिरोलीचा मुलगा नागपूरच्या ओपीडीला यायचं म्हटलं तरी एक दिवसाची मजुरी बुडवून येतो. आधी प्रत्येकाला पूर्ण महिन्याची औषधं मिळू द्या, मग खेळाचं बघू.

आठ_आठ

सांगलीचा, सध्या पुण्यात नोकरी. पंधराव्या वर्षी बाबांची किडनी मिळाली, आता बावीसचा आहे. समन्वयक ताईंनी जो मुलगा वर्णन केला तो मीच.

इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलला आलो आणि पहिल्याच महिन्यात ठरवून टाकलं की इथे कुणाला काही सांगायचं नाही. सकाळी आठ, रात्री आठ. रात्री आठला सगळे मेसमध्ये, चौघांसमोर पाकीट कसं काढणार? मग नऊ, मग दहा, मग कधी झोपूनच जायचो. सगळ्यात वाईट म्हणजे काहीच होत नव्हतं. दुखत नाही, लघवी व्यवस्थित. मला वाटायचं डॉक्टर उगाच घाबरवतात. आई रोज फोन करून विचारायची, "गोळी घेतलीस ना?" आणि मी रोज हो म्हणायचो. क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) १.१ वरून २.४ वर गेलं तेव्हा बायोप्सी झाली. रिजेक्शन, म्हणजे शरीर किडनी नाकारत होतं. तीन दिवस सलाईनमधून स्टिरॉइड दिलं. किडनी वाचली, पण १.७ च्या खाली पुन्हा कधी आलं नाही. बाबा वॉर्डच्या बाहेर बाकावर बसून होते, मला एक शब्द बोलले नाहीत.

त्या वॉर्डातच एक दादा भेटला, ट्रान्सप्लांटला नऊ वर्षं झालेला. तो म्हणाला रविवारी सकाळी कोथरूडला बॅडमिंटनला ये. आम्ही सहा-सात जण. आठ वाजले की खेळ थांबतो, सगळे गोळ्या घेतात, मग उरलेला गेम. पहिल्या रविवारी मी विसरलो होतो. तो मला रागावला नाही. स्वतःच्या पिशवीतून दाखवलं, जास्तीचा डोस कुठे ठेवायचा, प्रवासात कुठे, परीक्षेच्या दिवशी कुठे. आईनं हेच शंभर वेळा सांगितलं असेल, पण आईनं कधी डोस चुकवलेला नाही. त्यानं चुकवला होता, आणि त्यापायी पहिली किडनी घालवली होती.

म्हणून मेघमल्हार काका, तुमच्याशी सहमत आहे, पण दोन गोष्टी. पदकं, मंच, पाहुण्यांची भाषणं बाजूला ठेवा, त्यानं फक्त एक दिवस बरा जातो. दर आठवड्याचा खेळ हवा. आणि पालकांनी गेटपर्यंत सोडावं आणि परत जावं. बाबा समोर असते तर मी "दोन महिने टाळल्या" हे वाक्य उच्चारू शकलो नसतो.

गोदाकाठ ताई, कॅमेरॉन ग्रीनबद्दल तुमच्या मुलाला सांगा. २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सकडून वानखेडेवर हैदराबादविरुद्ध शतक केलं होतं. त्याच डिसेंबरमध्ये त्यानं सांगितलं की त्याला जन्मापासून किडनीचा विकार आहे आणि किडन्या साधारण ६० टक्केच चालतात. ट्रान्सप्लांट नाही, वेगळी गोष्ट आहे. पण मीठ-प्रोटीन मोजून खाणारा माणूस ऑस्ट्रेलियाकडून कसोटी खेळतो हे चौदाव्या वर्षी मला कळलं असतं तर बरं झालं असतं.

मेघमल्हार

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले.

रोखठोक, औषधांबद्दल तुम्ही म्हणता ते पूर्ण खरं. पण शटल आणि रबरी चेंडूला ड्रेस्डेन लागत नाही. ओपीडीच्याच दिवशी दवाखान्याच्या आवारात तासभर मुलं एकत्र आली तर गडचिरोलीच्या मुलाची वेगळी मजुरीही बुडणार नाही. "आधी हे, मग ते" म्हणत बसलो तर दुसरं कधीच येत नाही, हा माझा अनुभव आहे.

आठ_आठ, गेटपर्यंत सोडून परत जाणं मला जड जाईल. पण पटलं.

पहिली_शिफ्ट, तुमच्या बारामतीच्या मित्राबद्दल वाचल्यावर काल काही लिहू शकलो नाही. माझ्याकडे त्याला उत्तर नाही. लेकीला त्या दिवशी भेटलेली मुलगी उद्या आजारी पडली तर मी काय सांगेन, हा विचार मी केलाच नव्हता. अशा प्रत्येक गटासोबत एखादा समुपदेशक असायला हवा, एवढं मात्र आता मूळ मुद्द्यात घालतो. आणि धागा लिहिताना डायलिसिसवरची मुलं माझ्या डोळ्यांसमोर नव्हती, ही माझी चूक. आम्ही चार-पाच घरं मिळून रविवारी सकाळी एका बागेत जमायचं ठरवतो आहोत. चालणं, थोडं बॅडमिंटन. तुम्ही याल का?

गोदाकाठ

मैदानाला माझा अजून नकारच आहे. वर्ष होऊ दे, डॉक्टर काय म्हणतात ते बघू.

पण आठ_आठ, तुमचा प्रतिसाद मुलाला वाचायला दिला. तो काही बोलला नाही, फोन घेऊन आतल्या खोलीत गेला. अर्ध्या तासानं येऊन विचारलं, "तो दादा माझ्याशी बोलेल का?" तुम्हाला चालणार असेल तर कळवा. मी खोलीत थांबणार नाही.

आठ_आठ

कधीही. आठ सोडून.

पहिली_शिफ्ट

मेघमल्हार काका, रविवार नको. सोम-बुध-शुक्रवाल्यांना शुक्रवारनंतर थेट सोमवारी मशीन मिळतं. रविवारपर्यंत अंगात पाणी साठलेलं असतं, दोन जिने चढलो तरी धाप लागते. शनिवार सकाळ ठेवाल तर येईन. पळणार नाही, एक फेरी चालेन.

आणि एक विनंती. ट्रान्सप्लांटवाल्या पोरांना भरपूर पाणी प्यायला सांगितलेलं असतं, ती हातात बाटली घेऊनच फिरतात. मला दिवसाला पाऊण लिटर आहे, सगळं धरून. कुणी प्रेमानं बाटली पुढे केली की नाही म्हणताना फार अवघड होतं. तेवढं आधीच सगळ्यांना सांगून ठेवा.