दोर तोच, मग वरच्या टोकाला तरंगलांबी वेगळी कशी?

बारावी_रंकाळा: सीईटीची तयारी चालू आहे, एक गणित सुटेना. ५ किलोचा दोर छताला टांगलाय, खालच्या टोकाला ४ किलोचं वजन. खाली तयार केलेल्या तरंगाची तरंगलांबी ६ सेंमी, तर वर पोचल्यावर किती? दोर एकच, म्यू (मीटरमागचं वस्तुमान) एकच, मग वेग बदलायचं कारण काय? उत्तर ९ दिलंय. क्लासमध्ये विचारलं तर "सूत्रात घाल" एवढंच म्हणाले.

राजारामपुरीचे_सर: सूत्र राहू दे, आधी दोराकडे बघ की. कुठल्याही जागी ताण म्हणजे त्याच्या खाली जे लोंबतंय त्याचं वजन. तळाशी ४ किलो, छताशी दोरासकट ९. वेग म्हणजे ताण भागिले म्यू, त्याचं वर्गमूळ. म्यू एकच, म्हणून वेग ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे २ ला ३. वारंवारता ठरते दोर हलवणाऱ्या हातावर, ती वाटेत बदलत नाही. म्हणून तरंगलांबीही २ ला ३, सहाचे नऊ. गुरुत्वाचं ९.८ कुठं लागलं? पोरं उगाच गुणत बसतात.
पटत नसेल तर लक्ष्मीपुरीतनं जाड दोर आण, गच्चीवरनं मोकळा सोड आणि खालनं आडवा झटका दे. कुबड वर चढता चढता वेग घेतं, लांबट होतं. वजन न बांधलेल्या १० मीटर दोराला वर पोचायला साधारण २ सेकंद. सुंभ असो की नायलॉन, फरक नाही, कारण ताणही दोराच्याच वजनाचा, त्यामुळं म्यू कटतो.

मिरजेची_तार: मी तंबोऱ्याच्या तारा चढवतो. खर्ज, म्हणजे खालच्या सा ची तार, जोडीच्या म्हणजे मधल्या दोन सा च्या तारांच्या निम्म्या वारंवारतेचा. नुसत्या ताणावर तो उतरवायचा तर ताण पाव करावा लागेल, तार लोळणार. म्हणून तिथं पितळेची जाड तार. सरांचा म्यू तो हाच.

बारावी_रंकाळा: कळलं सर! अजून एक. पोलादी तार, व्यास ०.४ मिमी, घनता ७८००, ताण ९८ न्यूटन. माझा वेग १५८ येतोय, उत्तर ३१६.

राजारामपुरीचे_सर: बरोब्बर निम्मा आलाय, म्हणजे व्यासच त्रिज्या म्हणून घातलास. क्षेत्रफळ चौपट, म्यू चौपट, वेग अर्धा. ०.२ घाल, म्यू मीटरला जेमतेम १ ग्रॅम येईल. पर्यायांत १५८ पण आहे ना?

बारावी_रंकाळा: आहे की, पहिलाच.