मूकपटातलं प्रेम म्हणजे माकडचेष्टा?

टिळकवाडीकर: काल इथं एकानं लिहिलं, "मूकपटातल्या प्रेमकथा म्हणजे भराभर पळणारी माणसं आणि माकडचेष्टा." डोकंच उठलं. १९२७चा 'माय बेस्ट गर्ल' बघा. नायिका मेरी पिकफोर्ड दुकानाच्या गोदामात कामाला, नवा पोरगा खरं तर मालकाचा मुलगा, तिला पत्ता नाही. दोघं खोक्यात शिरून डबा खातात. जागा एवढीशी, म्हणून अंग चोरायचं, बघायचं, नजर चुकवायची. तिथं एक वाक्य घाला, सगळी मजा गेली. आणि भराभर पळणं मूळ सिनेमात नव्हतंच. तेव्हा कॅमेरा बहुधा हातानं फिरवायचे, वेग ठरलेला नसायचा. सेकंदाला २४ चित्रं बोलपटानंतर पक्की झाली. संथ घेतलेली फिल्म त्या वेगानं लावली की माणसं उड्या मारणारच!

शहापूरचा: लिहिणारा मीच. वेगाचं मान्य. पण रंगात आलं की चित्र तोडून संवाद लिहिलेली पाटी येते, तीही इंग्रजीत. आमच्या आईनं काय करायचं?

खानापूरकर: पाटीचं काढलंतच म्हणून सांगतो. गेल्या महिन्यात एका कचेरीत अर्ज मिळाला, सगळा कानडीत. वडील तासभर वाचणारा शोधत फिरले. फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र'च्या पाट्यांवर हिंदी आणि इंग्रजी शेजारी-शेजारी दिली. आज दोन भाषा एका कागदावर मावत नाहीत होय?

शहापूरचा: इथं प्रेमकथांवर बोलणं चाललंय. प्रत्येक धाग्यात तुमचा अर्ज कशाला ओ?

खानापूरकर: तुमचं काम कधी अडलं नाही, म्हणून बोलताय.

निपाणीची: भांडा नुसते! आमचे आजोबा सांगायचे, तंबूत एक जण पाट्या मोठ्यानं वाचायचा, मराठीत आणि लगेच कानडीत. नायिका लाजली की बायका आधीच हसायच्या, पाटी मागनं यायची. शहापूरकर, आईंना दिग्दर्शक बार्नेटचा 'हॅटबॉक्सवाली मुलगी' दाखवा, तोही १९२७चा, रशियन. मॉस्कोत पोराला खोली मिळेना, म्हणून टोप्या करणारी नताशा त्याच्याशी कागदापुरतं लग्न लावते. पगाराऐवजी मालकानं तिच्या हातात लॉटरीचा रोखा टेकवलाय.

खानापूरकर: बघा, तिथंही कागदच!

शहापूरचा: बघितला. पाट्या मी वाचल्या, निम्म्यातच आई म्हणाली गप बस, कळतंय. एवढा एक सिनेमा चांगला आहे. बाकीच्यांबद्दल माझं मत बदललेलं नाही.

टिळकवाडीकर: मग १९२८चा 'शो पीपल' लावा. नायिका मॅरियन डेव्हिस आहे. आईंनाच विचारा, तुम्हाला नको.