पिकअपच्या दाराच्या चौकटीला परत परत तडा जातोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. तुर्भ्याच्या मार्केटमधून घोडबंदरकडे भाजी टाकतो. पिकअपच्या ड्रायव्हर बाजूच्या दाराला, आरसा बसतो त्या कोपऱ्यात, काचेच्या चौकटीला तडा जातोय. आधी रंगावर केसाएवढी रेघ, मग तिच्यातून गंजाचं पाणी ओघळतं, मग प्रत्येक खड्ड्यात काच खडखडते. वेल्डिंग केलं की थोडे दिवस गप्प, नंतर वेल्डच्या अगदी कडेला नवीन रेघ.

गॅरेजवाला म्हणतो, दार आपटता म्हणून. अहो, क्लीनरच्या बाजूचं दार त्याहून जास्त आपटलं जातं, त्याला काही नाही! माझा संशय बिजागरीवर आहे. दार अर्धं उघडून मागच्या टोकाला वर उचललं की खेळ जाणवतो, आणि बंद करताना ते लॉकच्या खुंटीवर चढून बसतं. केबिन आणि चासीच्या मधली, धक्के झेलणारी रबरंही जुनीच आहेत.

तर आधी काय बदलू, बिजागरीच्या पिना-बुश (पिन फिरते ती आतली नळी) की केबिनची रबरं? तडा पुढे सरकू नये म्हणून त्याच्या टोकाला भोक पाडून आतून पट्टी मारली तर टिकेल, की पट्टीच्या कडेला पुन्हा फुटेल? दुसरं दार टाकायची तयारी आहे, पण कारण सापडल्याशिवाय नको. तुर्भे, महापे किंवा कळवा, कुठेही केबिनचं काम जाणणारा मिस्त्री असेल तर कृपया सांगा. रविवारी गाडी रिकामी असते.