मदत हवी आहे: डबल्समध्ये अमूंगसला टॉन्टपासून कसं वाचवू?

मंडळी, नाशिकला कॉलेज रोडवर आम्ही काही जण पोकेमॉन स्कार्लेट या व्हिडिओ गेमचे डबल्स (दोन विरुद्ध दोन पोकेमॉनच्या लढती) खेळतो. सहातले चार निवडताना माझा अमूंगस हा मशरूमसारखा पोकेमॉन ठरलेलाच. रेज पावडरने मार स्वतःवर ओढतो, स्पोरने समोरच्याला झोपवतो, पोलन पफने जोडीदाराची निम्मी एचपी (जीवनशक्ती) भरून देतो. मागे घेतला की रीजनरेटर या अंगच्या क्षमतेमुळे त्याची स्वतःची एक तृतीयांश परत! असा सोबती मला कुठल्याही हल्लेखोरापेक्षा प्यारा.

पण समोरून टॉन्ट (थेट मार न देणाऱ्या चाली रोखणारी चाल) आला की स्पोर आणि रेज पावडर दोन्ही बंद. सेफ्टी गॉगल्स ही पावडरपासून वाचवणारी वस्तू धरलेल्यांपुढे तर तसेही चालत नाहीत. त्याला धरायला मेंटल हर्ब (टॉन्ट एकदा उतरवणारी वस्तू) द्यावं की रॉकी हेल्मेटच (अंगाला भिडून मारणाऱ्याला इजा करणारी वस्तू) ठेवावं? बेस स्पीड जेमतेम 30, म्हणून ट्रिक रूम (संथ पोकेमॉनला आधी खेळू देणारी चाल) लावणारा जोडीदारही हवाय. कोणता घेऊ? खेळवणाऱ्यांनी जरा सविस्तर सांगा ना.