मदत हवी आहे: सपरीला कोणती जाळी घेऊ? उद्या बाजार आहे

धानबांधी: सपरीला, म्हणजे घरापुढच्या पडवीला, किड्यांची जाळी बसवायची आहे. दुकानदार चार प्रकार दाखवते अन् म्हणते, कोणतीबी न्या, सगळ्या सारख्याच. दिवाळीपासून ताट वाढलं की त्यात किडे. उद्या तालुक्याला चाललो. कोणती घेऊ तेवढं सांगा, लेक्चर नको.

खिळा_हातोडा: किडे म्हणजे कोणते जी? डास, चिलटं की तुडतुडे? मोकळी जागा किती बाय किती? घरात मांजर आहे का? एवढं कळल्याशिवाय कसं सांगणार?

स्टीलवाला_भौ: विचारायचं काय त्यात! एसएस 304, म्हणजे चांगल्या प्रतीचं स्टेनलेस स्टील, घ्या अन् मोकळे व्हा. उंदीर कुरतडत नाही, अगरबत्ती टेकली तरी भोक पडत नाही. फक्त 202 नंबरचं हलकं स्टील गळ्यात मारतात, म्हणून चुंबक सोबत न्या. चिकटलं तर नकली.

रात्रपाळी: चुंबकाचा भरवसा धरू नका. तार ओढून बारीक करताना 304 पण थोडीफार चुंबक धरते. अस्सल माल नकली समजून परत कराल. अन् नुसतं "एसएस" म्हणून भागत नाही, मेश, म्हणजे एका इंचात किती भोकं, तेही सांगा. 12 मेशच्या स्टीलमधून बारका डास आरामात आत.

धानबांधी: हिरवे बारके किडे. लाइट लावला की हजारो. डासही आहेत. जागा 14 फूट.

खिळा_हातोडा: 14 फूट लांबी झाली, उंची?

धानबांधी: खाली 3 फूट भिंत, वर 4 फूट मोकळं. मधात दोन खांब, 6-6 इंचाचे. मधल्या गाळ्यातून यायजायचं, तिथं भिंत नाही.

खिळा_हातोडा: म्हणजे गाळे तीन, प्रत्येकी 4 फूट 4 इंच. आता बोलता येते. ते हिरवे म्हणजे धानावरचे तुडतुडे. लांबीला 3 ते 5 मिलिमीटर, पण अंगानं सडपातळ. भोकाचा मिलिमीटरमधला हिशोब सोपा आहे: 25.4 (एक इंच) भागिले मेश, वजा तारेची जाडी. दुकानात मिळते ती फायबरची जाळी बहुतेक 18 बाय 16 ची, तार 0.28 मिलिमीटर. भोक एका अंगानं 1.13, दुसऱ्या अंगानं 1.31. डासाला पुरते, तुडतुडा अंग चोरून येतो. 20 बाय 20 मध्ये 0.25 ची तार असली तर भोक 1.02. वारा जवळपास तेवढाच, मोकळी जागा 66 टक्क्यांवरून 64-65 वर येते. 20 मागा.

वैनगंगाकाठ: त्यापेक्षा रोपवाटिकेला लावतात ती 40 मेशची पांढरी जाळी लावा. तुडतुडाच काय, पांढरी माशी पण अडते.

रात्रपाळी: अन् वारा? मे महिन्यात 45 डिग्रीत त्या जाळीमागं बसून दाखवा. तीच हवी तर वेल्क्रोवर लावा, दोन महिन्यांनी काढून ठेवा.

अंबाडीची_भाजी: कूलरच्या टाकीतलं पाणी दर आठवड्याला पूर्ण उपसा अन् टाकीच्या कडा घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून असतात, कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. नुसतं पाणी बदलून जात नाहीत.

धानबांधी: कूलरचं कोणी विचारलं ताई?

स्टीलवाला_भौ: स्टीलच घ्या. फायबरची जाळी उन्हानं कडक होऊन फाटते.

खिळा_हातोडा: उन्हाचा मार पश्चिमेला जास्त. तिकडून ऊन असेल तर स्टील, नाहीतर फायबर पुरे. पण स्टील घेतलं तर जाळी चौकटीच्या खाचेत दाबून धरायचं रबर बारीक लागते, जाड रबर खाचेत बसत नाही अन् जाळी कोपऱ्यात दुमडली की वळ कायमचा. फायबर बसवताना वेगळीच चूक होते. चौकट सपाट जागी ठेवून आधी लांब बाजूचं रबर रोलरनं दाबायचं, मग समोरची बाजू. जाळी हातानं ताणायची नाही. रबर खाचेत जाताना ती आपोआप ताणते. हौसेनं ओढली की चौकट मधात आत झुकते अन् दोन्हीकडं फट राहते. चौकट 4 फुटांपेक्षा लांब असली तर मधात पट्टी द्याच. रंग काळा किंवा राखाडी घ्या, पांढऱ्या जाळीतून बाहेरचं दिसत नाही.

वैनगंगाकाठ: एक विचारू? सपरीवर काय आहे? टिना की कवेलू?

धानबांधी: कवेलू. त्याचं काय?

वैनगंगाकाठ: मग जाळी कोणत्या मेशची यावर रात्रभर भांडा, तुडतुडे कवेलूच्या फटीतून येणार. लाइट लावून बाहेर अंगणात उभे राहा अन् वर पाहा. जिथून उजेडाची रेघ दिसते तिथून किडा येते.

रात्रपाळी: हे पहिल्याच ओळीत सांगायचं होतं भाऊ.

खिळा_हातोडा: फाट्यांच्या, म्हणजे कवेलूखालच्या लाकडांच्या, खालून जाळी मारा, वर सागाच्या पट्ट्या, खिळे 4-4 इंचांवर. स्टेपल नको, दोन पावसाळ्यांत गंजतात. दोन तुकड्यांचा जोड फाट्यावरच यायला हवा. सपरीची खोली किती?

धानबांधी: 8 फूट. उतार धरून साडेआठ.

खिळा_हातोडा: 5 फुटी रोल घ्या. दोन गाळ्यांना सव्वाचार फुटाचे दोन तुकडे. मधल्या गाळ्यात 3 फुटांचं दार अन् बाजूला 16 इंच बंद, दोन्ही मिळून सव्वासात फुटाच्या एकाच तुकड्यात निघतात. मिळून 16 फूट. कवेलूखाली 9 फुटाच्या तीन पट्ट्या, 27. एकूण 43 फूट. दाराच्या खालच्या कडेला ब्रश किंवा रबर लावा, अर्धा इंच फट राहिली तर एवढी जाळी कशाला?

अंबाडीची_भाजी: आतला लाइट पिवळा करा. पांढरा बल्ब अंगणात, लांब, खाली पाण्याचं घमेलं. अर्धे तिकडंच जातील.

स्टीलवाला_भौ: 43 फूट फायबर घेणार असाल तर वर उंदीर किती आहेत तेही मोजून घ्या.

रात्रपाळी: हे मात्र खरं. निदान वरची तरी स्टीलची घ्या.

धानबांधी: दुकानात उभा आहे. 20 ची फायबर आहे, पण 5 फुटी रोल नाही, 4 फुटीच आहे. वरच्यासाठी स्टीलही 4 फुटीच. आता?

खिळा_हातोडा: 4 फूट उंचीच्या गाळ्याला 4 फुटी रोल पुरत नाही, खाचेसाठी 3 इंच जास्त लागतात. भिंतीवर 6 इंचाची फळी आडवी बसवा, गाळ्याची उंची साडेतीन फूट होते, पावसाचे शिंतोडेही अडतात. दोन तुकडे 4 फूट 7 इंचाचे. दाराला सव्वासात फूट. बाजूच्या 16 इंचाला जाळी नकोच, फळी मारा. फायबर 17 फूट घ्या. वर 9 फुटाच्या चार पट्ट्या, स्टील 36 फूट. कात्री नेऊ नका, त्यालाच कापून मागा, म्हणजे कडा सरळ राहते.