फ्रँकफर्ट ते लिस्बन: विमान खरंच किती तास हवेत असतं? (आईच्या इन्सुलिनसाठी)

नमस्कार मंडळी,

आई पहिल्यांदाच एकटी माझ्याकडे लिस्बनला येते आहे. मुंबईहून फ्रँकफर्ट, तिथे विमान बदलून लिस्बन. घोळ दुसऱ्या टप्प्याचा आहे. तिकिटावर फ्रँकफर्टहून दुपारी १:०० ला निघून लिस्बनला ३:०५ ला पोहोचतं असं लिहिलंय. परतीचं विमान लिस्बनहून सकाळी ११:०० ला, फ्रँकफर्टला दुपारी २:५५. येताना दोन तास आणि जाताना जवळजवळ चार? अंतर दोन्हीकडून तेवढंच, सरळ रेषेत साधारण १८७० किलोमीटर.

पोर्तुगालचं घड्याळ जर्मनीच्या एक तास मागे, ते धरून मला ३ तास ५ मिनिटं आणि २ तास ५५ मिनिटं मिळाली. बरोबर आहे का? आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात, आईची परत निघायची तारीख त्यानंतरची आहे. तेव्हा हा फरक बदलेल का?

डॉक्टरांनी सांगितलंय, प्रवासाचे खरे तास लिहून आणा, मग डोसच्या वेळा ठरवू. मागच्या एका प्रवासात आईने सीटवर बसल्या बसल्या इंजेक्शन घेतलं आणि विमान पाऊण तास जागचं हललंच नाही. तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. शेजारच्या बाईंनी पर्समधून लिमलेटच्या गोळ्या काढून दिल्या म्हणून निभावलं. वेळ मीच चुकीची सांगितली होती. या वेळी अंदाजावर काही सोडायचं नाही.

प्रतिसाद

ताई, हिशेब बरोबर आहे. फक्त तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते. जमिनीवरची वीस-पंचवीस मिनिटं वजा करा, म्हणजे हवेत अडीच ते पावणेतीन तास. लिस्बनकडे जाताना पश्चिमेचा वारा बहुधा समोरून लागतो, म्हणून ती दहा मिनिटं जास्त.

घड्याळं जर्मनीत आणि पोर्तुगालमध्ये एकाच क्षणी मागे जातात, त्यामुळे एक तासाचा फरक कायम राहतो. पोर्तुगालचा भारताशी फरक मात्र साडेचारचा साडेपाच तास होईल. डॉक्टरांना हे नक्की सांगा.

परतीला फ्रँकफर्टच्या वायव्येकडच्या धावपट्टीवर उतरलात (ती २०११ साली सुरू झाली), तर टर्मिनल लांब पडतं. विमान महामार्गावरच्या पुलावरून सावकाश सरकत येतं, खिडकीतून खाली धावणाऱ्या गाड्या दिसतात. चाकं टेकली म्हणजे दार उघडलं असं नाही, हे आईंना आधीच सांगून ठेवा. येताना पासपोर्टची रांगही फ्रँकफर्टलाच लागेल, लिस्बनला नाही. तो वेळ हिशेबात धरा आणि खाऊ हाताशी असू द्या. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं.

धागाकर्ती

खूप आभार! आत्ताच आईला फोन करून सगळं वाचून दाखवलं. तिने साखरेच्या वहीत लिहून घेतलंय: "फ्रँकफर्ट ते लिस्बन ३ तास ५ मिनिटं. ताट समोर आल्याशिवाय सुई नाही." उद्या वही घेऊन डॉक्टरांकडे जाते आहे.